पाण्यावरून उतरलेली पेटी

मी पेटी बोलतेय. दागिन्यांची नव्हे, कपड्यांची तर नव्हेच. एकट्या माणसाने वल्हवायची ती अरुंद नाव असते ना, कयाक, तिच्यावर बसणाऱ्याच्या पुढ्यात मला जोडतात. माथ्यावर पाण्याची खोली आणि मासे दाखवणारा पडदा, पोटात बॅटरी, असा माझा थाट. चार नट हाताने सैल केले की मी सुटते आणि काखेत मारून मला घरी नेता येतं.

माझा जन्म स्वयंपाकघरातला. माझे मालक रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे, म्हणून सगळे त्यांना रेडिओवालेच म्हणतात. त्यांनी हौसेने पडदा आणला, पण तो बसवायचा कशावर? दुपारी मालकीणबाईंचा डोळा लागला होता, तेवढ्यात त्यांनी भाजी चिरायचा प्लॅस्टिकचा बोर्ड लांबवला आणि तांदळाचा घट्ट झाकणाचा डबा रिकामा केला. चहाच्या वेळेपर्यंत मी तयार! माझ्या पाठीवर सुरीचे चरे अजून आहेत.

"अहो, माझा बोर्ड कुठंय?"

"नोकरीला लागला."

"आणि डब्यातले तांदूळ?"

"पातेल्यात आहेत. सुखरूप."

मालकीणबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

पहिल्या दिवशी आमची फजितीच झाली. मला नावेवर अगदी मापात बसवलं, पण रेडिओवाले आत बसले तर त्यांचे गुडघे माझ्यावर आपटायला लागले आणि वल्हं माझ्या कडेला अडायला लागलं. "नावेचं माप घेतलंत, स्वतःचं घ्यायचं राहिलं!" असं म्हणत मालकीणबाई काठावर पोट धरधरून हसल्या. मग मला वीतभर पुढे सरकवलं आणि आमचं जमलं.

पाण्याखालचं बघणारा सेन्सर मात्र नावेच्याच तळाला कायमचा चिकटवलेला. नाव राहायची तलावाकाठच्या शेडमध्ये. तिथे ओल फार आणि उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून मला दरवेळी घरी आणायचे. म्हणजे माझे डोळे तलावावर आणि बाकीची मी घरी कपाटावर. सकाळी वायर जोडली की सगळा तलाव मला दिसू लागायचा, आणि त्या क्षणाची मी आदल्या संध्याकाळपासून वाट बघत असायची. सात वर्षं असा एकही आठवडा सुना गेला नाही.

आणि मग रेडिओवाल्यांना चक्कर यायला लागली. कानाच्या आत काहीतरी बिघडलंय, म्हणाले डॉक्टर. नावेत बसायचं नाही, आणि काठावरून हलतं पाणी बघितलं तरी भोवळ येईल, म्हणून तलावावरही जायचं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे बिघाड काढलेल्या माणसाला हा एक काही काढता येईना.

माझ्यात एक सोय आहे. दुकानात गिऱ्हाइकाला दाखवायला म्हणून पडद्यात खोटं पाणी भरलेलं असतं. रेडिओवाले मला जेवणाच्या टेबलावर ठेवायचे आणि ते खोटं पाणी लावून तासन्‌तास बघत बसायचे. मला फार लाज वाटायची हो. या माणसाला मी कधी फसवलं नव्हतं, आणि आता रोज फसवत होते.

एकदा मालकीणबाई शेंगा सोलत शेजारी बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "अहो, हा मासा मघाशी येऊन गेला ना?"

"दर चार मिनिटांनी येतो."

"मग बघता कशाला?"

रेडिओवाल्यांनी बाहीने पडदा पुसला आणि परत बघत बसले. मालकीणबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

त्यांनीच मग लेकीला बोलावून घेतलं. लेक शाळेत शिकवते, बाप तिला लाडाने ठमाबाई म्हणतो. "नाव देऊन टाकूया कुणाला तरी," मालकीणबाई तिला म्हणाल्या. "ती आहे तोवर यांचा जीव तिच्यातच अडकलेला राहणार." टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक ओळखीचे गृहस्थ नाव मागतच होते. पण रेडिओवाले ऐकेनात. "शेडमध्ये असू दे पडून," एवढंच म्हणायचे. त्यांना एकदा, फक्त एकदा, पुन्हा त्या पाण्यावर बसायचं होतं. मलाही दुसरं काय हवं होतं!

शेवटी लेकच म्हणाली, "बाबा, मी जाते. तुम्ही फोनवर सांगा कुठे जायचं ते."

तिने माझे नट आवळले, वायर जोडली. पाच महिन्यांनी मला खरं पाणी दिसलं. खरं सांगते, आनंदाने माझे आकडे दोनदा चुकले. तिने फोन माझ्याच झाकणावर ठेवला.

"पंपघराकडे पाठ कर," फोनमधून रेडिओवाले म्हणाले. "सरळ चल. किती खोल आहे?"

"अकरा फूट."

"आता बघ, एकदम उतरेल. खाली जुनी विहीर आहे."

आणि मी दाखवलं, सव्वीस! लेक चकित झाली. मला मात्र जरा वाईट वाटलं. माझ्याशिवायही त्यांना सगळा तळ पाठ होता तर.

"बाबा, खाली मासेपण आहेत. सांगू किती?"

"नको. ठमाबाई, ती पेटी बंद कर. तिची टिकटिक मध्ये येतेय."

"मग दिसणार कसं?"

"बंद कर. वल्हंही उचल. आणि बोलू नकोस."

तिने मला बंद केलं. नावेच्या पोटाखाली पाणी डुबुक डुबुक करत होतं. बराच वेळ झाला. फोन कट झाला की काय असं वाटून लेकीने हळूच हाक मारली, "बाबा?"

"आहे गं," ते म्हणाले. "पाणी ऐकतोय. डोळे मिटलेत, चक्कर येत नाहीये."

मागून मालकीणबाई म्हणाल्या, "थांब गं अजून जरा. घाई करू नकोस."

दुसऱ्या दिवशी रेडिओवाल्यांनी स्वतःच टपालवाल्यांना बोलावलं. "नाव पाण्यावर असलेली बरी," म्हणाले, आणि मलाही सोबत देऊन टाकलं. नट कसे आवळायचे ते दाखवताना त्यांचा हात माझ्या चऱ्यांवरून फिरत राहिला. मी काही बोलू शकले नाही. पडदा बंद होता.

आता रोज माझ्यासमोर खरं पाणी असतं. टपालवाले भले गृहस्थ आहेत, पुसून-बिसून ठेवतात. तरी विहिरीवर आलो की माझा जीव कासावीस होतो. टपालवाले, माझं एवढं ऐका हो. तिथे आलात की वल्हं उचला, मला बंद करा, आणि रेडिओवाल्यांना फोन लावा. तुम्ही काही बोलला नाहीत तरी चालेल.