लेबल सुटलं त्या दुपारी

मी स्कॉच व्हिस्कीची एक जुनी बाटली बोलतेय. नाक मुरडू नका; कालपर्यंत माझ्या सीलला कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

बारा गावचं पाणी प्यालेली माणसं असतात ना, तशी मी. एका थंड तळघरात एका म्हाताऱ्या कारागिराने कितीतरी पिंपं हुंगून, थोडी ह्यातली, थोडी त्यातली घेत मला जमवलं. पिंपात व्हिस्कीचं वय वाढतं, बाटलीत आली की थांबतं. मग मला नुसती झोप लागली. जहाजाच्या पोटात झोपले, लिलावाच्या टेबलावरही झोपले.

जाग आली ती चष्मेवाल्याच्या कपाटात. दिवसभर तो दुकानात लोकांचे नंबर काढी आणि घरी आला की भिंग घेऊन माझं लेबल वाची. माझ्यासारख्या जुन्या बाटल्या जमवायचा त्याला नाद. आम्हाला तो उभ्याच ठेवी, कारण आडवं केलं की व्हिस्की बूच खाते. दुपारचं ऊन आत आलं की आम्ही सगळ्या सोनेरी व्हायचो, आणि मला स्वप्नात पिंपाच्या लाकडाचा वास यायचा.

"भाऊजी, पिणार कधी?" मेहुणा विचारी.

"प्यायलो तर उरेल काय?"

"अरे, सवती आहेत माझ्या," बायको भावाला सांगे. "नुसत्या मिरवायला आणल्यात."

मला मात्र धास्ती होती. बूच सुकत चाललं होतं आणि मी थोडी थोडी हवेत विरत होते. गळ्यापर्यंत होते, ती खांद्याखाली आले. कुणाच्या ओठांना न लागताच आपण संपणार, याचं फार वाईट वाटे.

काल दुपारी बायकोने कपाट आवरायला काढलं. माझ्या लेबलावर तिला डाग दिसले. रिकाम्या बरण्या ती कोमट पाण्यात बुडवून लख्ख करते, तसं तिने मलाही बुडवलं. लेबल अलगद सुटून पाण्यावर तरंगू लागलं. ती उचलायला गेली, तर हातातच त्याचा लगदा झाला.

चष्मेवाला आला आणि बघतच राहिला. "आता ही कुठली, कधीची, कोण सांगणार?"

"चुकलंच माझं," ती म्हणाली. मग मला पुसून त्याच्या हातात देत, "चाखून बघा ना. तीच सांगेल."

तो बराच वेळ मला मांडीवर घेऊन बसला. मग त्याने सील फोडलं. बुचाचा भुगा झाला, तेव्हा तिने चहाची गाळणी आणली. पहिला घोट त्याने डोळे मिटून घेतला. तिने तोंड वेडंवाकडं केलं, आणि पेला पुन्हा पुढे केला. दोघं कधी नव्हे ते उशिरापर्यंत बोलत बसली.

आज थोडीच उरले आहे. मेहुण्यालाही बोलावणं गेलंय. तुमच्या कपाटात कुणी अशी वाट बघत उभी असेल, तर तिला फार ताटकळत ठेवू नका. माझं नाव आता कुणाला सांगता येणार नाही, पण चव या घरात माहीत झाली. निघताना 'जाते' म्हणू नये म्हणतात. येते मी.