बगळ्याचं नाव

मी एक जुना फळा आहे. एका फुटबॉल क्लबच्या खेळाडूंच्या खोलीत मी बावीस वर्षं भिंतीवर होतो. मित्रांनो, फळ्यालाही कान असतात हे कुणाच्या गावीही नसतं. म्हणून माझ्यासमोर माणसं वाट्टेल ते बोलून जातात. पण एका दुपारी जे माझ्या कानी पडलं, त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही.

क्लबच्या सुतारानं मला मोडक्या कपाटाच्या दारापासून घडवलं आणि काळ्या रंगाचे तीन हात दिले. संघ निवडणारे मॅनेजर आले, गेले. माझ्यावर अकरा नावं लिहिली जात, पुसली जात. ती सगळी मुरलेल्या खेळाडूंची. क्लबच्याच मैदानावर वाढलेली पोरं खाली कोपऱ्यात, राखीव म्हणून.

मग नवे मॅनेजर म्हणून सर आले. एक गुडघा दुखरा, अंगात कायम तपकिरी कोट. पहिल्याच सामन्याला त्यांनी अकरांत पाच पोरं लिहिली. खडू माझ्यावर फिरत होता, तरी माझा विश्वास बसेना!

"सर, ही अजून दूधखुळी आहेत," कप्तान कुरकुरला.

"पाण्यात पडल्याशिवाय पोहता येतं का?" सर म्हणाले.

त्या पाचांतला एक सतरा वर्षांचा गोलकीपर होता. उंच, काटकुळ्या पायांचा, म्हणून सगळे त्याला बगळा म्हणत. सामन्याआधी भीतीनं त्याला ओकारी व्हायची. सर स्वतः त्याच्यासमोर बादली धरून उभे राहत आणि त्याच्या आईच्या शिवणयंत्राची चौकशी करत, जणू काही घडतच नाहीये. सराव संपला की दुखऱ्या गुडघ्यानं त्याला शंभर चेंडू मारत.

हंगामाचा शेवटचा सामना आला. हरलो तर क्लब खालच्या गटात जाणार होता. मध्यंतराला पोरं आत आली ती माना खाली घालून. दोन गोल बसले होते आणि दोन्ही बगळ्याच्या चुकीनं. एकदा तर चेंडू त्याच्या पायातून निसटून सरळ जाळीत गेला होता. आता सर फाडून खाणार, असं मला वाटलं.

"चेंडू पायानं खेळव, असं मीच सांगितलं होतं," सर शांतपणे म्हणाले. "त्यानं माझं ऐकलं. चूक माझी. उत्तरार्धातही तसंच खेळायचं, बाळा."

पोरं मैदानाकडे गेली. सर आणि त्यांचे मदतनीस मागे राहिले. हे मदतनीस कुणालाही 'हो'च म्हणायचे, म्हणून त्यांचं नावच होयबा पडलं होतं. तेवढ्यात दार धाडकन उघडून क्लबचे अध्यक्ष आत आले. मध्यंतरात ते कधीच खाली येत नसत!

"त्या पोराचं नाव पुसा. राखीव गोलकीपर उतरवा."

"मी मॅनेजर आहे तोवर तो खेळणार."

"मग आत्तापासून तुम्ही मॅनेजर नाही."

सामना अर्धा राहिलेला, आणि माणसाला असं काढून टाकतात? सरांनी खडू माझ्या कडेला ठेवला.

"बरं. सामना संपेपर्यंत पोरांना कळू देऊ नका," एवढंच म्हणून ते बॅग घेऊन निघून गेले.

अध्यक्ष होयबांकडे वळले. "तुम्ही पुसा."

होयबांनी डस्टर उचललं. माझा जीव टांगणीला लागला. त्यांनी डस्टर हळूच खाली ठेवलं.

"नाही साहेब," ते म्हणाले आणि मैदानाकडे चालू लागले. अध्यक्ष आ वासून बघत राहिले. मीसुद्धा!

पुढचा सामना मी भिंतीतून ऐकला. एकदा जल्लोष झाला. बऱ्याच वेळानं आणखी एकदा. मग एकदम शांतता, आणि छत कोसळेल असा गलका. बगळ्यानं शेवटच्या मिनिटाला पेनल्टी अडवली होती. बरोबरी झाली, क्लब तरला.

बगळा धावत आत आला. "सर, पाहिलंत का?"

खुर्ची रिकामी होती. होयबांनी खरं ते सांगितलं. पोराचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. दुसऱ्याच क्षणी तो बाहेर पळाला, मागोमाग सगळे, कप्तानसुद्धा. समोरच्या खिडकीतून मला बसथांबा दिसे. सर अजून रांगेतच उभे होते; निकाल कळेपर्यंत त्यांनी आलेल्या बस सोडून दिल्या असणार. चिखलानं माखलेल्या पोरांनी त्यांना गराडा घातला. कुणी रडत होतं, कुणी त्यांची बॅग ओढत होतं.

"खिळ्यांचे बूट घालून डांबरी रस्त्यावर? मूर्खांनो, आत जा, घाम वाळतोय!" सर ओरडले. आवाज मात्र फुटत होता. बस आली. ते गेले.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी पोरांसोबत फोटो काढून घेतला. सरांना मात्र परत बोलावलं नाही. ते आता एका शाळेच्या मैदानावर लहानग्यांना शिकवतात, असं कपडे धुणारे काका सांगतात. बगळा सुट्टीच्या दिवशी तिकडे जातो म्हणे.

क्लबनं डावपेच दाखवायला मोठा डिजिटल पडदा आणला आणि मी अडगळीत आलो. त्याबद्दल तक्रार नाही, मित्रांनो. फळा पुसण्यासाठीच असतो. पण शिकणारं पोर चुकलं, तर त्याचं नाव पुसायला घाई करू नका. आणि कधी इकडे आलात, तर माझ्यावर टाकलेली गोलची ओली जाळी तेवढी बाजूला करा. लाकूड कुजायला लागलंय.