कचऱ्यात गेलेले अकराशे दिवस

टाळ्या थांबेनात. चंदीगडमधल्या आम्हा मराठी मंडळींचा रविवारचा मेळावा होता, पण पोहे गार होत होते आणि चाळीस-पन्नास माणसं लॅपटॉप छातीशी धरून रांगेत उभी होती, वैदूकडे आजारी पोर आणावं तशी. मंचावर अंशुमन देशकर. मूळचा नागपूरचा, इथे इंडस्ट्रियल एरियात त्याची सॉफ्टवेअर कंपनी. कुठल्याही संगणकावर त्याचं औषध एकच, 'निर्मळ'.

"घाबरू नका काकाजी, पण हे बघा!" पडद्यावर लाल आकडे धावले. "एक लाख चाळीस हजार फाइली, नव्वद सेकंदांत तपासल्या! अर्ध्या जुळ्या, म्हणजे कचरा. आता हे एक बटण दाबायचं की मशीन फुलासारखं हलकं. पक्का!"

पुरुषोत्तमकाकांनी वायुसेनेत उभी हयात रडारची दुरुस्ती केलेली. तेसुद्धा म्हणाले, "कमाल आहे बुवा, माणसाला हे जन्मात जमलं नसतं," आणि त्यांनी पडद्याला चक्क हात जोडले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण बोलणार कुठल्या तोंडाने? निर्मळमधला तो तपासणीचा भाग मीच लिहिला होता.

मी विनया, अंशुमनच्या कंपनीत प्रोग्रॅमर. माझी पहिली आवृत्ती प्रत्येक फाइल उघडून वाचायची, जुळ्या फाइलींची यादी दाखवायची, विचारल्याशिवाय कशाला हात लावायची नाही आणि काढलेलं महिनाभर बाजूला ठेवायची. त्याला चाळीस मिनिटं लागायची. अंशुमन हसला होता. "यार विनया, चाळीस मिनिटं टाळ्या कोण वाजवणार? आणि बाजूला ठेवलं तर जागा मोकळी कशी दिसेल? सरळ पुसून टाक." मी नाराजीचं एक ईमेल लिहिलं आणि मग तो म्हणाला तसं सगळं बदलून दिलं.

रांगेत मैत्रेयी पुढे सरकली. साताऱ्याची मुलगी, सेक्टर ३९मधल्या संशोधन संस्थेत पीएच.डी. करणारी. जिवाणूंची वाढ मोजणारं तिचं यंत्र रोज एक फाइल द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःकडची जुनी नोंद पुसायचं. तीन वर्षांच्या नोंदी तिच्याकडेच होत्या. महिन्याभरात प्रबंध सादर करायचा होता आणि लॅपटॉप रडतखडत चालत होता.

"बॅकअपची डिस्क पण लाव ना," अंशुमन म्हणाला. "तिलाही शुद्ध करून टाकू."

तिने लावली. तेव्हाच उठून तिचा हात धरायला हवा होता मी. मी चहा पीत बसले.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "विनयाताई, माझ्या फाइली नाहीत गं. अकराशेपैकी एकच राहिलीय. डिस्कवर तर एकही नाही." मग तिने अंशुमनलाही फोन केला. अंशुमनचं उत्तर तयार होतं, "तुझ्याच मशीनमध्ये व्हायरस असणार, जी. सिस्टिमवर विश्वास ठेव."

पुढच्या रविवारी तो पुन्हा मंचावर उभा राहिला, आणि या वेळी मीही चढले. कोऱ्या लॅपटॉपवर मी दोन फोल्डर केले, 'आई' आणि 'बाबा'. दोन्हींत 'नंबर' नावाची एकेक फाइल. एकीत आईचा फोन नंबर, दुसरीत बाबांचा. सगळ्यांना दोन्ही नंबर मोठ्याने वाचून दाखवले आणि निर्मळ चालवलं.

लाल अक्षरं आली, 'जुळी फाइल सापडली.' मी बटण दाबलं. बाबांचा फोल्डर रिकामा झाला.

"हे फाइल उघडतच नाही," मी म्हणाले. "नाव सारखं आणि आकार सारखा, की जुळी ठरवून मोकळं. पाकीट न फोडता नुसतं तोलायचं आणि म्हणायचं, दोन्ही पत्रांत एकच मजकूर! म्हणून तर नव्वद सेकंदांत उरकतं. मैत्रेयीने रोजची फाइल त्या त्या तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवलेली, पण यंत्र द्यायचं ती एकाच नावाची, एकाच आकाराची. आतले आकडे मात्र रोज वेगळे होते."

अंशुमन घाम पुसत म्हणाला, "पुढच्या आवृत्तीत बघू, जी."

"पण माझा लॅपटॉप खरंच वेगाने चालतोय," पुरुषोत्तमकाका पुटपुटले.

"काका, शेवटी त्याने तो बंद करून परत चालू करायला लावला ना? तेवढं घरीही झालं असतं."

काका खाली बघू लागले. कुणीतरी टाळी वाजवली आणि मला स्वतःचीच किळस आली. पहिल्या रांगेतून मैत्रेयी उठली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

"ताई, हे सगळं तुला त्या दिवशीही माहीत होतं ना?"

"हो," मी म्हणाले.

मैत्रेयीने आता पहिल्या दिवसापासून मोजायला सुरुवात केली आहे. शिष्यवृत्ती संपली आहे, घरी साताऱ्याला काय सांगायचं ते तिला सुचत नाही. मी नोकरी सोडली, पण त्याने तिचा एक दिवसही परत आला नाही. तुमच्या संगणकावर कुणी असा चमत्कार करू लागला, तर आधी विचारा, तू आत वाचलंस का? काय पुसणार ते दाखव. चुकलं तर परत देशील का? आणि ज्याला उत्तरं माहीत आहेत, त्याने चहा बाजूला ठेवून तिथल्या तिथे उठावं.