जलपद्मावरची बाटली

कॅप्टन संदेश मयेकरांच्या एकसष्टीचं काम आलं, तेव्हा मृणालीने ते लगेच घेतलं. व्हिस्की कशी ओळखावी, कशी चाखावी हे ती हौशी लोकांना शिकवायची. मुंबईच्या हॉटेलांत तिला चांगलं नाव होतं. कॅप्टनच्या सुनेने, वेदिकाने, सासऱ्यांची आवड म्हणून तिला रत्नागिरीला बोलावलं. मृणाली म्हणजे बाळा तोडणकरांची मुलगी, हे वेदिकाला कुठून माहीत असणार?

बाळा एकेकाळी ह्याच कॅप्टनच्या हाताखाली 'जलपद्मा' जहाजावर सेकंड ऑफिसर होते. एका संध्याकाळी जहाज वाळूत रुतलं. ब्रिजवर, सुकाणूपाशी, हुकूम देत होता तो कॅप्टन, तोही झिंगलेला. पण चौकशीत बाटली निघाली ती बाळांच्या बिछान्याखाली. आपण जहाजावर दारूला शिवतही नाही, असं कॅप्टनने लिहून दिलं. बाळांची नोकरी गेली आणि ते केळशीला येऊन बसले. ज्या माणसाने कधी बिअरसुद्धा घेतली नव्हती, त्याला गावात 'बाटलीवाला बाळा' म्हणू लागले.

"त्या कॅप्टनच्या तोंडाला कसला वास येत होता, सांगू?" ते लहानग्या मृणालीला म्हणायचे. "दवाखान्यात कोणी शेकोटी पेटवल्यासारखा."

पुढे धंदा शिकताना स्कॉटलंडच्या आयला बेटावरची व्हिस्की पहिल्यांदा तिच्या नाकाशी आली, आणि ती ग्लास धरून तशीच उभी राहिली. तो हाच वास होता. त्या दिवसापासून ती ह्या माणसाची वाट बघत होती.

मांडवीजवळच्या हॉटेलात दुपारी पंधरा-वीस पाहुणे जमले. बहुतेक जहाजावरचे जुने सोबती. पुढच्या खुर्चीत वैद्य नावाचे निवृत्त अधिकारी बसले होते. जलपद्माची चौकशी त्यांनीच केली होती. मृणालीने त्यांना बाबांकडच्या जुन्या फोटोवरून ओळखलं. तरी आवाज तिने हसरा ठेवला.

"ही अमेरिकेची बर्बन," ती म्हणाली. "अर्ध्याहून जास्त मका. आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात ठेवतात, म्हणून गोड लागते. व्हॅनिलाचा वास येतोय ना?"

"बायकांचं पेय!" कॅप्टन म्हणाले. सगळे हसले.

दुसरी आयर्लंडची. मोड आलेला आणि न आलेला, दोन्ही सातू एकत्र. तिथे बरेच जण तीनदा ऊर्ध्वपातन करतात, त्यामुळे घशातून अलगद उतरते. तिसरी स्कॉटलंडची सिंगल माल्ट: फक्त मोडाचा सातू, तांब्याच्या भट्टीत बहुधा दोनदा काढलेली, मग निदान तीन वर्षं लाकडात. कॅप्टन प्रत्येक ग्लास रिकामा करत होते. आपल्याकडच्या स्वस्त बाटल्यांत धान्य कमी आणि उसाच्या मळीचं स्पिरिट जास्त, हेही त्यांनीच मध्ये तोंड घालून सांगितलं.

मृणालीने चौथी बाटली उघडली. "हीसुद्धा सातूचीच. पण मोड आलेला सातू पीटच्या धुरावर वाळवलेला. पीट म्हणजे दलदलीत दबून काळा झालेला पाला. हा धूर शेवटपर्यंत राहतो. हिचा वास कुणाच्या ओळखीचा आहे?"

कॅप्टनने डोळे मिटून हुंगलं. "अरे, ही तर माझी! दुसरी कुठली चालतच नाही मला."

"जहाजावर कुठून मिळायची, सर?"

"कपाटात असायचीच. जलपद्मावर तर सखाराम स्टुअर्ड न सांगता ब्रिजवर ग्लास आणून द्यायचा."

कोणी हसलं नाही. वैद्यांनी ग्लास खाली ठेवला. "संदेश, त्या बाटलीचा वास मी स्वतः घेतला होता. हीच होती ती. आणि तू तर जहाजावर दारूला शिवत नाहीस, असं लिहून दिलं होतंस."

कॅप्टन उठायला गेले आणि पुन्हा बसले. तेवढ्यात मृणाली म्हणाली, "मी बाळा तोडणकरांची मुलगी."

तिने ग्लास गोळा केले नाहीत. कॅप्टनच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला, तो तिने मन भरेपर्यंत पाहिला आणि मगच ती निघाली.

केळशीला बाबा ओटीवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं. "आता पुन्हा सांग गो. हळू सांग." तिने सांगितलं. "बसला म्हणतेस? पाय गेले काय त्याचे?" त्यांनी तिसऱ्यांदा सांगायला लावलं. आई उठून आत गेली.

सकाळी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून मृणालीच्या गाडीत बसले. रत्नागिरीच्या घराचं दार कॅप्टनने स्वतःच उघडलं. रात्रीतून माणूस म्हातारा झाला होता.

"बाळा, चूक झाली रे," तो म्हणाला.

"चूक नाय. काय केलंस ते बोल. माझा नाव घेऊन बोल."

कॅप्टनने मागे पाहिलं. त्याची बायको ऐकत होती. "बाळाच्या बिछान्याखाली बाटली मी ठेवली," तो म्हणाला. ती तोंडाला पदर लावून भिंतीला टेकली. बाबा तिच्याकडेच बघत राहिले.

परतताना गाडी हातखंब्याला हायवेला लागली.

"झालं, बाबा?" मृणालीने विचारलं.

"त्याचा मुलगा घरात नव्हता. रविवारी असेल." त्यांनी काच वर केली. "रविवारी परत येऊया."

मृणाली नको म्हणाली नाही.