मराठीतली मिस्सा

पास्कू बार्देसकरांचं शाहूपुरीत फर्निचरचं दुकान होतं. मागं पत्र्याची लांबट खोली होती, तेच त्यांचं देऊळ. आत वेदी, मेणबत्त्या, मारियेची मूर्ती. नवखा माणूस बघून म्हणे, हे तर कॅथलिकच. होतेच ते कॅथलिक. फक्त रोमच्या पोपचा हुकूम मानत नसत. पास्कूंच्या वडिलांच्या काळात वरिष्ठांशी तंटा झाला, पाच-सहा घरं वेगळी झाली आणि दक्षिणेतल्या एका स्वतंत्र बिशपानं त्यांना आपला पाद्री दिला. आताचे पाद्री फादर लाझार. त्यांच्यासोबत बसून पास्कूंच्या मुलीनं, फिलोमिनानं, लॅटिन मिस्सा, म्हणजे रविवारची वेदीपुढची उपासना, मराठीत आणली होती. ती प्राथमिक शाळेत मास्तरीण होती.

त्रेपन्न साली तिचं लग्न इनासशी ठरलं. इनास एस.टी.वर ड्रायव्हर, चंदगडच्या गाडीवर. घर मात्र रोमच्या बाजूचं. त्याच्या गावचे पाद्री म्हणाले, मुलीनं चारचौघांत चूक कबूल करून आमच्यात यावं, तरच लग्न लावीन.

इनास हा निरोप घेऊन दुकानात आला.

"एकदाच शपथ घ्यायची, फिलो. मग मिटलं."

"शपथेत काय म्हणायचं?"

"हेच... की आजवर मी खोट्या देवळात होते."

"मी खोट्या देवळात नव्हते. मग वेदीपुढं खोटं बोलून संसार मांडायचा व्हय?"

"इथं लगीन केलं तर मला आमच्या देवळात ख्रिस्तशरीराचा प्रसाद मिळणार न्हाय."

"ठाऊक हाय मला. म्हणून ओढत न्हाय तुम्हाला. इचार करा, मी थांबते. पण शपथ घेणार न्हाय."

पास्कू रंधा मारत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांचा हात थांबला होता.

पुढच्या रविवारी इनासची आई, कतरीनबाई, काजूची पिशवी घेऊन लेकाबरोबर हजर झाली. मिस्सा सुरू होती. ती आत आली नाही. दाराशी उभी राहून शेवटपर्यंत ऐकत राहिली. माणसं बाहेर पडल्यावर तिनं फिलोमिनाला गाठलं.

"सगळं मराठीतच?"

"व्हय, मावशी."

"देवाला मराठी कळतंय व्हय ग?"

"परवा घाटात तुमची गाडी बंद पडली म्हणं. तवा देवाला कशात हाक मारलीसा?"

"कोकणीत," कतरीनबाई म्हणाली.

"मग? पोचली न्हवं?"

कतरीनबाईला हसू आलं, ते तिनं पदरात दाबलं. "पोचली. पण मी माझं देऊळ सोडणार न्हाय. सांगून ठेवते."

"तुम्हाला सोडा म्हटलंय कुणी? मलाबी कुणी म्हणू नये, एवढंच."

इनास बाजूला उभा होता. तो पुढं आला. "आये, लगीन मी इथंच करणार."

काजूची पिशवी कतरीनबाईनं फिलोमिनाच्या हातात दिली आणि स्टँडकडं चालू लागली.

ईस्टरनंतर लग्न झालं. फादर लाझारांनी मराठीत विचारलं, "हिचा पत्नी म्हणून स्वीकार करतोस का?" इनासनं गाडीवरच्या आवाजात "व्हय की!" म्हटलं आणि सगळं देऊळ हसलं. कतरीनबाई पहिल्या बाकावर होती. तिनं आपली जपमाळ शेवटपर्यंत आपल्याच भाषेत ओढली.

डिसेंबरात इनासच्या गावच्या फेस्ताला, तिथल्या देवळाच्या सणाला, ती दोघं गेली. सगळे ख्रिस्तशरीराचा प्रसाद घ्यायला वेदीकडं निघाले. इनास बाकावरच बसून राहिला. लहानपणापासूनचे सोबती त्याच्यापुढून गेले. फिलोमिनानं त्याचा चेहरा पाहिला. बाहेर आल्यावर तिनं सरळ विचारलं, "पस्तावा होतोय?"

इनास म्हणाला, "वाईट वाटतंय. पस्तावा न्हाय."

कतरीनबाईनं दोघांना आपल्या दोन्ही बाजूंना बसवून जेवू घातलं. शेजारीण त्यांच्या लग्नावरून कुजबुजली, तेव्हा ती मोठ्यानं म्हणाली, "माझी सून हाय. मास्तरीण हाय. काय इचारायचं ते तिलाच इचार की!"

शेजारणीनं विचारलं, "तुमचं देऊळ येगळं कशापायी?" फिलोमिनानं भाताचा घास बाजूला ठेवला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.