सही होईपर्यंत

“वैद्यकी ही मानवजातीची सर्वांत उदात्त सेवा आहे,” डॉ. व्हिटलॉक म्हणाले आणि त्यांनी माझं पांघरूण दूर सारलं.

पोट बघून ते जरा थबकले. मंगळवारी त्यांनी उघडलेल्या पोटावर वीतभर टाके असायला हवे होते. माझ्या पोटावर टोस्टचा चुरा होता. मी खुब्याचं हाड मोडून आलो होतो. डॉक्टरांच्या मागे कोरिन उभी होती. खाट चुकली हे तिला माझ्याआधी कळलं होतं. तिची नजर दोनदा पडद्याकडे जाऊन आली. पण तिने तोंड उघडलं नाही.

“डॉक्टर, तुमचं पोट पलीकडे आहे,” मी म्हणालो.

“अर्थातच,” ते म्हणाले, आणि उदात्त सेवा पडद्यापलीकडे गेली.

कोरिनची चूक नव्हती. डॉक्टरकीच्या कॉलेजात शिरायचं तर आधी एखाद्या डॉक्टरच्या मागे सावलीसारखं हिंडून तास भरावे लागतात, आणि सावलीने बोलायचं नसतं. मागच्या वसंतात एका मुलाने रोग्याच्या प्रश्नाला उत्तर दिलं होतं. तो आता डे मॉइन शहरात पाणी तापवायचे बंब विकतो. कोरिनला गेल्या वर्षी एकोणीस कॉलेजांनी नकार दिला होता. यंदा व्हिटलॉकांचं शिफारसपत्र मिळालं तरच काही आशा, आणि ते शुक्रवारी पोचायला हवं होतं. आज गुरुवार. हे सगळं मला तिनेच सांगितलं होतं. खुबा मोडलेल्या माणसाला लोक काहीही सांगतात; तो उठून जात नाही.

पडद्यापलीकडे व्हर्लिन हॉफस्ट्रा होता. शाळेची बस चालवण्यात त्याची एकेचाळीस वर्षं गेली होती.

“आम्ही आत गेलो,” डॉक्टरांचा आवाज आला. “व्याप्ती अपेक्षेपेक्षा जास्त आढळली, त्यामुळे शस्त्रक्रियेचा मूळ उद्देश साध्य करता आला नाही. यापुढे आक्रमक धोरण न ठेवता आराम हेच ध्येय राहील. सोमवारी घरी. घरी येऊन बघणारी माणसं आम्ही देऊ. काही शंका?”

“सोमवारी घरी?”

“सोमवारी घरी.”

“मग शंका कसली, डॉक्टर.”

सगळं सांगायला चाळीस सेकंद लागले. मला अर्थ कळला, कारण माझ्या बायकोलाही आरामासाठीच घरी पाठवलं होतं. नऊ आठवडे तिने आराम केला, मग दफन.

बाहेर पडता पडता डॉक्टर दारात कोरिनला म्हणाले, “ते पत्र तूच लिहून ठेव, मी सही करतो. रोग्याबरोबरचा एखादा हळवा क्षण घाल. कमिटीला आवडतं. पण एकच्या आत हं, मला तळ्यावर मासे धरायला जायचंय. आता सोमवारीच येईन.”

अकरा वाजता कोरिन पांढरा कोट उतरवून निळा सदरा घालून परत आली. सकाळी ती फुकट सावली असे. दुपारी तासाच्या पगारावर रोग्यांजवळ बसायची. ऑपरेशनच्या रात्री गुंगीत व्हर्लिन बस काढायला उठला आणि पडला होता, तेव्हापासून त्याच्याजवळ कोणीतरी बसलंच पाहिजे असा हुकूम होता.

“अगं, ये ये,” व्हर्लिन म्हणाला. “टपालवाले, ही पोरगी माहितीये का? हिला नऊ वर्षं शाळेत नेली मी. तिसऱ्या बाकावर बसायची आणि वळणावर ओकायची.”

“दोनदाच, मिस्टर हॉफस्ट्रा.”

“बस कोण धूत होतं? मी. आकडा माझा धरायचा.”

मी टपाल खात्यातून निवृत्त झालो होतो, म्हणून टपालवाले. पडदा त्याने सरकवून ठेवला होता. त्याला एकट्याने आनंद करवत नव्हता. त्याने जेलीचे दोन कप मागवले. बायकोला फोन करून अंगणातली खुर्ची पुसून ठेवायला सांगितलं. कोरिन मांडीवर कागद घेऊन पत्र लिहीत होती. मग मुलीचा फोन आला. ही लोर्ना दूर वॉशिंग्टन राज्यात प्रवासी बोटीवर काम करते. तिने आठवड्याची रजा मागून ठेवली होती, आणि हवी की नको ते तिच्या साहेबाला बाराच्या आत सांगायचं होतं. नको असेल तर ती रजा दुसऱ्याला जाणार. मग थेट नाताळ.

व्हर्लिनने फोन छातीवर पालथा धरला. घड्याळात पावणेबारा झाले होते.

“पोरी, तू तिथेच उभी होतीस. चांगलंच म्हणाले ना ते?”

कोरिनचं पेन थांबलं.

“मी अजून डॉक्टर नाही, मिस्टर हॉफस्ट्रा. त्यांनाच विचारायला हवं.”

“ते गेले की. मी सहीशिक्क्याचं नाही विचारत. तुला काय वाटतं? लोर्नाने आता धावत यायला हवंय का?”

खोलीत तीन माणसं होती आणि त्यातल्या दोघांना उत्तर ठाऊक होतं. मी छताकडे बघितलं. छताच्या एकेका चौकोनात एकशेबारा भोकं होती, असं मी त्या वेळी मोजून पक्कं केलं.

“तुम्हाला घरी पाठवताहेत,” कोरिन म्हणाली.

एक अक्षर खोटं नव्हतं.

“ऐकलंस ना?” व्हर्लिन फोनात म्हणाला. “डॉक्टरीण बाई म्हणतायत, घरी पाठवताहेत. तू कशाला पैसे घालवतेस? नाताळला ये, म्हणजे मीच स्टेशनवर घ्यायला येतो.”

कोरिन पुन्हा लिहू लागली. थोड्या वेळाने तिने माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, “‘मृत्यूच्या छायेतल्या रुग्णाशेजारी ती अविचल बसून राहिली.’ अविचल जास्त होतंय का?”

“नाही,” मी म्हणालो. “अगदी बरोबर आहे.”

एकला पाच मिनिटं कमी असताना व्हिटलॉक दारात आले. पायात तळ्यावरचे बूट होते. कागद चौकटीवर टेकवून त्यांनी वाचला. “करुणा खाली ने. आधी वेळेवर येते ते लिही. असू दे, आता वेळ नाही,” असं म्हणून त्यांनी पेन काढलं.

“डॉक्टर,” कोरिन म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला मान उचलावी लागली. “मिस्टर हॉफस्ट्रांना नीट कळलं नाही असं वाटतं मला.”

पेन थांबलं.

“म्हणजे मी नीट सांगितलं नाही?”

“नाही, नाही. तुम्ही फार स्पष्ट सांगितलंत.”

“मलाही तसंच वाटलं,” डॉक्टर म्हणाले, आणि पेन पुढे सरकलं.

त्यांचे बूट जिना उतरेपर्यंत ती दारातच उभी होती. मग पत्राची घडी न घालता तिने ते पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये ठेवलं, फाइल पिशवीत ठेवली, चेन लावली, आणि खुर्ची ओढून व्हर्लिनच्या अगदी जवळ बसली.

“मिस्टर हॉफस्ट्रा, कॅन्सर पोटभर पसरलाय. तो काढता आला नाही. उपाय संपले म्हणून घरी पाठवताहेत. नाताळ कठीण आहे.”

फार छान सांगितलं तिने. व्हिटलॉकांना तीस वर्षांत जमलं नव्हतं.

व्हर्लिनने जेलीचा कप खाली ठेवला. फोन उचलून नंबर लावला, पलीकडचा रेकॉर्ड केलेला निरोप शेवटपर्यंत ऐकला आणि फोन ठेवला.

“बोटीवर चढली असेल,” तो म्हणाला. “रजा गेली असेल आता कोणाला तरी.” मग, “तुला सकाळपासून ठाऊक होतं?”

“हो.”

“आणि टपालवाल्यांना?”

मी पुन्हा छताकडे बघितलं. मला त्यात मुरलेला सराव होता.

“मग आत्ताच का सांगितलंस?”

कोरिनने पिशवीकडे बघितलं. त्यानेही तिकडे बघितलं. आरशातून मागची पोरं बघण्यात ज्याची एकेचाळीस वर्षं गेली, त्याला याहून जास्त सांगावं लागत नाही.

“मिळेल मग तुला कॉलेज,” तो म्हणाला. हा टोमणा होता की आशीर्वाद, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

तेव्हा ती रडली. “मला माफ करा. माझ्यामुळे झालं. मी काय करू तुमच्यासाठी? सांगा, काहीही सांगा, मी करीन.”

व्हर्लिनने बराच वेळ विचार केला. खिडकीकडे बघितलं, टाक्यांवर हात ठेवला, पाय थोडे जवळ घेतले.

“ती लघवीची बाटली दे,” तो म्हणाला. “आणि तिकडे तोंड कर.”