एक आठवडा त्यांचा, एक आमचा

सासरे गेले तेव्हा मागे दोन मुलगे आणि एक पिकअप ठेवून गेले. मुलग्यांचं बोलणं त्याच दिवसापासून बंद झालं. पिकअप मात्र दोघांचीच राहिली.

थोरले सुतार. त्यांना मीही दादाच म्हणायची. त्यांचं घर आणि दारं-खिडक्यांचा कारखाना रस्त्याच्या त्या टोकाला, आणि आमची रोपवाटिका या टोकाला. एक आठवडा गाडीतून दादांची कपाटं जायची, एक आठवडा आमची रोपं आणि मातीच्या गोण्या. रविवारी सकाळी गाडी मधल्या शेडमध्ये उभी करायची, किल्ली खिळ्याला अडकवायची आणि निघून जायचं. दुसरा मागाहून येऊन घेऊन जायचा. समोरासमोर यायला नको म्हणून दोघांनी वेळासुद्धा न बोलता ठरवून टाकल्या होत्या.

भांडणाचं कारण सांगते. सासरे इस्पितळात होते आणि आमचे हे रोपांची खेप घेऊन लांब गेले होते. दुपारी सासऱ्यांचं जास्त झालं. दादांनी यांना कळवलं नाही. संध्याकाळी हे दारात गाडी लावून उतरले तेव्हा सगळं आटोपलं होतं. "मला शेवटचं भेटूही दिलं नाहीस," एवढं हे बोलले. दादांच्या तोंडाला जन्माचं कुलूप. ते खाली मान घालून उभे राहिले. मग यांनीही कुलूप लावलं.

आम्ही दोघी जावा मात्र बोलत होतो. आम्हीही गप्प बसलो असतो तर निरोप कोणी पोचवले असते? "गाडीचा डावा आरसा सैल झालाय म्हणावं." "बरं, सांगते." असे आमचे संसार.

गाडी जुनी होती. गॅरेजवाला म्हणायचा, हिचे अर्धे भाग मी बदललेत आणि उरलेले अर्धे हट्टावर चालतात. पण ती कधी रस्त्यात बसली नाही, कारण दोघे तिला जिवापाड जपत. देणाऱ्याने गाडी तयार करूनच द्यायची, हा नियम कोणी घातला नव्हता, पण कोणी मोडलाही नाही. शनिवारी दुपारी हे बॉनेट उघडत. ऑइलची पट्टी ओढून, पुसून, पुन्हा बुडवून बघत. रेडिएटरचं पाणी, फॅनचा पट्टा, टायरची हवा. बॅटरीच्या टोकांवर पांढरं साचलं की गरम पाण्याने धुवायचं, वर ग्रीसचं बोट फिरवायचं. मग पाठीवर झोपून खालच्या सांध्यांना ग्रीस भरायचं. शेवटी मागचा हौदा झाडायचा. दादांना मातीचा कण दिसता कामा नये, आणि दादांकडून येताना भुशाचा कण नसायचा.

"नवरा-बायकोसुद्धा एकमेकांना इतकं सांभाळत नाहीत," जाऊ म्हणायची.

मग एका रविवारी गाडी आली ती हौद्यात भुसा घेऊन. यांनी काही न बोलता झाडला. त्याच आठवड्यात चढावर इंजिन तापलं. रेडिएटरमध्ये पाणी तळाला गेलेलं. हे भर उन्हात रस्त्याकडेला उभे राहिले आणि मागे रोपांनी माना टाकल्या. घरी आले ते धुमसतच.

"तुझ्या जावेला सांग, गाडी वापरता येते तर पाणीही घालता येतं."

मी सांगितलं. जाऊ म्हणाली, "हो, सांगते," आणि लगेच दुसरं काहीतरी बोलू लागली. माझ्याही लक्षात आलं नाही, हे आता मनाला लागतं.

पुढच्या पाळीला गाडी आली तेव्हा बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी होती आणि टायर मऊ पडलेले. हे गाडीखाली शिरले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी वाकून बघितलं तर नुसते पडून होते.

"काय झालं?"

"ग्रीस भरलेलंच नाही. सांधे कोरडे आहेत."

"रागावू नका. राहिलं असेल."

"रागावलो नाही," हे म्हणाले. बाहेर येऊन हात पुसत बसले. "दादा माझ्याशी बोलायचा नाही, पण गाडीशी असं वागायचा नाही. त्याला काहीतरी झालंय."

आणि हात पूर्ण पुसायच्या आतच गाडी घेऊन निघाले. मीही शेजारी चढून बसले. इतक्या वर्षांत त्या घराची पायरी यांनी चढली नव्हती.

दादा कारखान्यात स्टुलावर बसले होते. समोर एक दार अर्धवट, रंधा त्यावर तसाच. पावलं सुजलेली, चपलेत मावत नव्हती. श्वास घेताना खांदे वर-खाली होत होते. आम्हाला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा बसले. जाऊ दारातच उभी राहून रडायला लागली. माझ्याकडे बघून म्हणाली, "कोणाला सांगशील तर बघ, म्हणाले होते गं."

यांनी दादांच्या पावलाला हात लावून बघितलं. बोटाचा खड्डा तसाच राहिला.

"कधीपासून?"

दादांनी पाऊल मागे ओढून घेतलं.

"बॉनेट उचलवत नव्हतं ना तुला?"

"उचलायचो," दादा म्हणाले. "पण मग खाली वाकलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची."

"बाबांच्या वेळीही सांगितलं नाहीस. आताही नाही. मी कोण आहे तुझा?"

हे आवाज चढवून बोलले नाहीत. पण मी लग्नानंतर यांचा असा आवाज ऐकला नव्हता. दादांनी समोरच्या अर्धवट दारावर हात टेकला. मग थांबत थांबत, एका वाक्याला दोन श्वास घेत बोलले.

"तू घाटात होतास. गाडी भरलेली. ब्रेक तेव्हा धड नव्हते. बाबा जाणार, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. तुला कळवलं असतं तर तू गाडी हाणत आला असतास. मला एका दिवसात दोघे गमवायचे नव्हते."

"हे तेव्हा सांगायचंस."

"तेव्हा तू ऐकण्यासारखा नव्हतास. नंतर मला जमलं नाही."

यांनी दादांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं आणि गाडीपर्यंत नेलं. इस्पितळापर्यंत हे इतक्या जपून गेले, जणू हौद्यात काचा भरल्यात. जाऊ मध्ये बसली होती, मी मागे हौद्यात.

दादांचं हृदय थकलं होतं. औषधांनी सूज उतरेल, पण हृदय पुन्हा पहिल्यासारखं होणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. दादा घरी आले ते बसून राहण्यासाठी.

त्यानंतर रविवारची वेगळी वेळ कोणी पाळली नाही. शेडमध्ये दादांसाठी खुर्ची गेली. हे काम करायचे आणि दादा चुका काढायचे. "पट्टी पुसली नाहीस. इंजिन गरम असताना बघू नये, किती वेळा सांगू?" "कधी सांगितलंस? तोंड तर उघडत नव्हतास." मग दोघेही हसायचे, आणि दादांना हसताना दम लागला की हे हातातलं टाकून त्यांच्याजवळ उभे राहायचे. भांडणाचा विषय पुन्हा निघाला नाही. वाया गेलेल्या वर्षांचाही नाही. मला वाटायचं, निघावा. पण पुरुष माणसं, गाडीखालून जेवढं बोलता येईल तेवढंच बोलली.

थंडी संपता संपता दादा गेले. या वेळी हे त्यांच्या उशाशी होते.

त्यानंतर गाडी आमचीच झाली, असं सगळे धरून चालले. यांनी मात्र दादांच्या आठवड्यात ती बाहेर काढली नाही. रोपं टेम्पोने पाठवायचे आणि गाडी शेडमध्ये उभी. बॅटरी उतरू नये म्हणून रोज इंजिन तेवढं सुरू करायचे, बंद करायचे. मी दोनदा समजावलं. गॅरेजवाल्याने वेड्यात काढलं. हे म्हणाले, "हा आठवडा त्याचा आहे. मी कसा घेऊ?"

शेवटी जाऊच आली. कारखाना तिने बंद केला नव्हता, एक कारागीर ठेवून चालवत होती. शेडच्या दाराशी उभी राहून म्हणाली, "भाऊजी, गाडी उभी राहून गंजते, हे तुम्हाला मी सांगायचं का? माझी दारं तयार पडलीत. मला चालवायला शिकवा."

"वहिनी, ही गाडी जड आहे. क्लच दाबताना पाय दुखेल."

"दुखू दे. पाय माझा आहे."

शिकवताना हे कडक होते. चालवणं नंतर, आधी बॉनेट. पदर खोचून जाऊ ऑइल बघायला शिकली, पट्ट्याचा ताण अंगठ्याने दाबून बघायला शिकली, ग्रीस भरताना केसात ग्रीस घेऊन आली. मैदानात तिने पहिल्यांदा गाडी वळवली तेव्हा हे शेजारी दांडा घट्ट धरून बसले होते. उतरल्यावर मला हळूच म्हणाले, "दादापेक्षा बरी वळवते." आणि तोंड फिरवून उगाच टायर बघायला लागले.

आता पुन्हा एक आठवडा त्यांचा, एक आमचा. तिच्याकडून पहिल्यांदा गाडी आली तेव्हा यांनी सगळं तपासलं. हौदा झाडलेला, पाणी भरलेलं, टोकं स्वच्छ. टायरमध्ये मात्र हवा प्रमाणाबाहेर. दगडासारखे टणक झालेले.

मी सवयीने म्हटलं, "सांगते तिला."

"तू नको," हे म्हणाले. "मीच जाऊन सांगतो."

आणि चपला घालून रस्त्याच्या त्या टोकाला निघाले. लवकर परत येतील म्हणून मी कूकर लावला. जेवण थंड होऊन गेलं, तरी त्या घरातून त्यांचा पाय निघाला नव्हता.